म्युझिक मॅगझिनचं कंटेंट्स पेज: आधी वाचक ओळखा, मग पान बनवा

आमच्या घरी दिवाळी अंक आला की आजी पहिल्यांदा अनुक्रमणिका उघडायची आणि वरून खाली बोट फिरवत जायची, ठरलेल्या लेखिकेचं नाव आलं की बोट तिथेच थांबायचं. बाबा थेट व्यंगचित्रं कुठल्या पानावर आहेत ते शोधायचे आणि आई सगळ्यात खाली, वार्षिक राशिभविष्य. पान एकच पण तीन माणसांची तीन बोटं तीन जागी.

हे मी लहानपणापासून बघत होते, तरी सोळाव्या वर्षी डोंबिवलीहून इंग्लंडमधल्या स्लाऊला आल्यावर ए-लेव्हलला (आपल्या अकरावी-बारावीसारखं) मीडिया स्टडीज घेतलं आणि एका नवीन म्युझिक मॅगझिनचं कव्हर, कंटेंट्स पेज, म्हणजे अनुक्रमणिकेचं पान, आणि आतला डबल पेज स्प्रेड, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवरचा लेख, बनवायला सांगितलं, तेव्हा मी कंटेंट्स पेज म्हणून चक्क एक यादी बनवली. डावीकडे आकडे, उजवीकडे नावं, मधे एक फोटो. कव्हरवर तीन आठवडे घालवले होते आणि या पानावर एक संध्याकाळ. मॅडमनी पेन्सिलीने कोपऱ्यात एवढंच लिहिलं, "हे नेमकं कोण वाचणार?" मला उत्तर देता आलं नाही आणि सगळं पान पुन्हा करावं लागलं.

त्यानंतर माझ्या मावसबहिणीला आणि मंडळातल्या तीन-चार मुलांना याच कामात मदत केली, प्रत्येक वेळी तेच घोळ दिसले, म्हणून एकदाचं सगळं नीट लिहून काढतेय. यूकेत शिकणाऱ्या मुलांसाठी आहेच, पण मुलं असं काम करताना नक्की करतात काय हे ज्यांना कळत नाही त्या आई-बाबांनीही वाचा, आणि पुण्या-मुंबईत डिझाइन किंवा मास कम्युनिकेशन करणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

१. आधी ब्रीफ वाचा, दोनदा

ए-लेव्हल मीडिया स्टडीजमध्ये प्रॅक्टिकलच्या कामाला, म्हणजे ज्याला एनईए म्हणतात, त्याला ३० टक्के मार्क असतात. ब्रीफ, म्हणजे काय बनवायचं ते सांगणारा बोर्डाचा कागद, दरवर्षी बदलतो आणि प्रत्येक बोर्डाचा वेगळा असतो, त्यामुळे गेल्या वर्षीच्या सिनियरने काय केलं होतं ते बघून सुरुवात करू नका. कुणाला म्युझिक मॅगझिन मिळतं, कुणाला लाइफस्टाइल, कुणाला भलतंच काही. ब्रीफमध्ये वाचक कोण ते बहुतेक वेळा लिहिलेलंच असतं, अमुक वयाचा, अमुक आवडीचा. त्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारा आणि कागद टेबलासमोर भिंतीला चिकटवून टाका. किती पानं, किती फोटो, कुठल्या गोष्टी असायलाच हव्यात, तेही त्यातच असतं.

२. हे सगळं जवळ ठेवा

• ब्रीफची प्रिंट आणि मार्किंग स्कीमची प्रिंट.
• स्टेटमेंट ऑफ इंटेंटचा कच्चा मसुदा. तुम्ही काय बनवणार आणि का, ते यात आधी लिहून द्यायचं असतं, ते शेवटी आठवून लिहायला जाऊ नका.
• किमान तीन वेगवेगळ्या म्युझिक मॅगझिनचे खरे, कागदाचे अंक. चॅरिटी शॉपमध्ये जुने स्वस्तात मिळतात, ऑनलाइन जुन्या अंकांचे गठ्ठे विकायला असतात. लायब्ररीचं कार्ड असेल तर लिबी ॲपवर बऱ्याच ठिकाणी मासिकं फुकट वाचता येतात, पण निदान एक तरी अंक हातात धरायचा मिळवाच.
• पट्टी, ट्रेसिंग पेपर, तीन रंगांचे हायलायटर. हो, ट्रेसिंग पेपर, खाली सांगते कशाला.
• कॅमेरा किंवा बरा फोन. फोटो तुमचेच लागतात, नेटवरून उचललेले चालत नाहीत.
• ज्यांचे फोटो काढणार त्यांची लेखी परवानगी, अठराच्या आतले असतील तर पालकांची सही.
• फोटोशॉपसारखं काहीतरी फोटोसाठी आणि पान लावायला इनडिझाइन किंवा ॲफिनिटी. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बहुतेक असतंच. पान फोटोशॉपमध्ये लावू नका, मजकूर बदलताना रडायची वेळ येते.
• एक साधी वही, रोज काय केलं आणि का केलं त्याच्या दोन ओळी.

३. वाचक एकच पकडा, नाव देऊन

सगळ्यात मोठी चूक इथे होते. पोरं लिहितात, "माझा टार्गेट ऑडियन्स १५ ते ४० वयाचे, संगीताची आवड असलेले स्त्री-पुरुष." यात अर्धं स्लाऊ आलं. पंधरा वर्षाचा मुलगा आणि चाळीशीचा बाप एकच बँड ऐकत असतील तरी एकाच भाषेत त्यांच्याशी बोलता येत नाही, घरात तरी कुठे बोलतो आपण.

वर्गात सोशल ग्रेड शिकवतील, ए, बी, सी-वन, सी-टू, डी, ई, घरातला मुख्य कमावता माणूस काय काम करतो त्यावरून पाडलेले गट. ते लिहा, मार्कांसाठी लागतं, पण त्याने पान बनत नाही. पान बनायला एक माणूस लागतो. माझ्या मावसबहिणीने ठरवलं ते असं: सतरा वर्षाची मुलगी, घरी सेकंडहँड बेस गिटार, हेडफोन लावून खोलीत वाजवते, बँड नाहीये, बँड हवाय, शनिवारी कपड्यांच्या दुकानात काम करते त्यामुळे महिन्याला दोन गिगचे, म्हणजे बँडच्या लाइव्ह कार्यक्रमांचे, पैसे सुटतात, शेवटची ट्रेन साडेअकराची. बस, एवढं झालं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. गिग गाइडमध्ये अठराच्या आतल्यांना आत सोडतात की नाही ते लिहायला हवं, कारण तिला तेच आधी बघायचं असतं. वाद्यांच्या पानावर दोन हजार पौंडांची गिटार नको.

अशी माणसं खरी शोधा, दोघा-तिघांशी बोला, कुठली मासिकं किंवा अकाउंट बघतात, आधी कुठलं पान उघडतात ते विचारा. गुगल फॉर्म सगळ्या वर्गाला पाठवून "तुम्हाला कुठला रंग आवडतो" असले प्रश्न विचारण्यापेक्षा वीस मिनिटांच्या गप्पा जास्त कामाच्या.

४. तीन अंक शेजारी उघडून ठेवा

आता खरं काम. तीन मासिकांची कंटेंट्स पेजं शेजारी शेजारी ठेवा आणि काहीही वाचायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघा.

मी वापरलेली ही, २००० नंतरच्या दशकातले अंक होते.

केरँग. १९८१ मध्ये साउंड्स या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून सुरू झालं, नावच मुळी इलेक्ट्रिक गिटारवर जोरात कॉर्ड मारल्यावर जो आवाज येतो तो. याचं कंटेंट्स पेज म्हणजे पिवळ्या-काळ्या पट्ट्या, भरपूर छोटे फोटो, प्रत्येकावर ठळक आकडा, कुठेही मोकळी जागा नाही. कोपऱ्यात एडिटरचा फोटो आणि त्याचं छोटं पत्र, खाली सही. पोस्टर कुठल्या पानावर, काय जिंकता येईल, गिग कुठे, सगळं वेगळं काढून दाखवलेलं. हे पान शाळा-कॉलेजातल्या पोरांसाठी आहे, ज्याच्या खोलीच्या भिंतीला पोस्टर लागणार आहे, आणि तो एडिटर त्याला "आपल्यातलाच" वाटायला हवा म्हणून सही. पहिल्यांदा मला ते पान पसारा वाटलं होतं, नंतर कळलं की तो पसारा मोजूनमापून केलेला आहे, छोट्या क्लबमधल्या गिगमध्ये माणसं जशी खेटून उभी असतात तसं ते पान आहे.

एनएमई, म्हणजे न्यू म्युझिकल एक्सप्रेस. १९५२ पासूनचं, ब्रिटनचा पहिला सिंगल्स चार्ट, म्हणजे खपानुसार गाण्यांची क्रमवारी, यांनीच १४ नोव्हेंबर १९५२ ला छापला. माझ्याकडच्या अंकांत पानाच्या एका बाजूला बँड इंडेक्स नावाची उभी पट्टी होती, अंकात ज्या ज्या बँडचं नाव आलंय त्यांची यादी आणि पुढे पान नंबर. ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. विचार करा, ज्याचा एकच लाडका बँड आहे तो पोरगा दुकानात उभ्या उभ्या ती पट्टी बघतो, नाव सापडलं की अंक घेतो. आणि ज्याला सगळे नवीन बँड माहीत असायला हवेत असं वाटतं तो त्या यादीत किती नावं आपल्याला माहीत नाहीत ते मोजतो आणि त्यासाठी घेतो. आजीच्या बोटाचंच काम, फक्त नावं वेगळी. मधे मोठी बातमी, खाली सबस्क्रिप्शनची चौकट, कारण साप्ताहिकाला दर आठवड्याला परत येणारा वाचक हवा असतो.

मोजो. १९९३ चं, वाचक वयाने मोठा, ज्याच्याकडे रेकॉर्डचा संग्रह आहे आणि जो साठ-सत्तरच्या दशकातल्या एका अल्बमवर दहा पानं आनंदाने वाचेल. इथे एकच मोठा फोटो, बहुतेक वेळा जुना, शांत फॉन्ट, भरपूर मोकळी जागा, प्रत्येक लेखाखाली दोन-तीन ओळींचं वर्णन. याला पोस्टर नकोय आणि जिंका-जिंका नकोय. अंकाबरोबर सीडी मिळते तिची माहिती मात्र नीट, कारण ती तो ठेवणार आहे.

चौथं घ्यायचं असेल तर अमेरिकेतलं व्हाइब बघा, क्विन्सी जोन्स यांनी १९९३ मध्ये काढलेलं, हिप-हॉप आणि आरअँडबीचं. त्यांच्या पानांवर कलाकाराच्या मागे इंग्रजी व्ही अक्षर पानभर मोठं असायचं आणि लिखाण अगदी थोडं, बारीक, बाजूला. सगळं पान त्या एका माणसाच्या कपड्यांना, उभं राहण्याला दिलेलं. फॅशनच्या मासिकासारखं, आणि ते तसंच हवं होतं, कारण त्या वाचकासाठी गाणं आणि राहणीमान वेगळं काढताच येत नाही.

शास्त्रीय संगीत घेतलेल्या मुलांसाठी एकच सांगते, ग्रामोफोन हे १९२३ पासूनचं मासिक बघा, तिथे रिव्ह्यू ऑर्केस्ट्रा, चेंबर, वाद्य, गायन, ऑपेरा असे लावलेले असतात. दुकानात सीडी ज्या कप्प्यांत शोधायची त्याच कप्प्यांत वाचक विचार करतो.

आता ट्रेसिंग पेपर. तो पानावर ठेवा आणि मजकूर न वाचता फक्त चौकोन काढा, फोटो कुठे, मजकूर कुठे, आकडे कुठे, रिकामं कुठे. तिन्ही कागद खिडकीला लावा. मग हायलायटरने, एका रंगाने "हे वाचकाला माहिती देतंय", दुसऱ्याने "हे त्याला आपलंसं करतंय", तिसऱ्याने "हे त्याला काहीतरी विकतंय". केरँगच्या पानावर तिन्ही रंग सगळीकडे सांडलेले दिसतील, मोजोवर पहिला रंग जास्त. हे फोटो काढून रिसर्चमध्ये लावा, परीक्षकाला एका नजरेत कळतं.

एक लक्षात ठेवा, मासिकं मरतात आणि बदलतात. क्यू नावाचं म्युझिक मॅगझिन १९८६ मध्ये निघालं, २०२० मध्ये बंद झालं. एनएमई २०१५ मध्ये फुकट वाटायला लागले आणि २०१८ मध्ये छापील साप्ताहिक थांबलं. म्हणून "एनएमई असं करतं" असं न लिहिता कुठल्या वर्षीचा अंक ते लिहा. फुकट वाटलेल्या अंकाचा वाचक आणि पैसे मोजून घेतलेल्या अंकाचा वाचक सारखा नसतो, त्यामुळे पानही सारखं नसतं, आणि हे वाक्य तुमच्या लिखाणात आलं तर तुमचं काम वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसेल.

५. शब्दांवर जास्त वेळ घालवा

रंग-फॉन्टवर पोरं दिवसच्या दिवस घालवतात आणि ओळी मात्र पाच मिनिटांत लिहून टाकतात. मला उलटं वाटतं. वाचकाशी बोलतात ते शब्दच.

मावसबहिणीची पहिली ओळ होती (मराठीत अर्थ देतेय), "नवीन मुलींच्या बँडची खास मुलाखत, पान ३८". काहीच चूक नाही, पण काहीच दिसत पण नाही. तिला विचारलं, अगं त्या मुली नक्की करतात काय? म्हणाली, त्या एकीच्या घरी वरच्या खोलीत रेकॉर्डिंग करतात, खाली आई स्वयंपाक करत असते म्हणून ड्रममध्ये उशी कोंबतात. मग हेच लिही ना! शेवटी ओळ झाली, "ड्रममध्ये उशी, खाली आई: चार जणींनी पहिला ईपी कसा रेकॉर्ड केला" (ईपी म्हणजे छोटा अल्बम). खोलीत एकटीने बेस वाजवणारी ती सतरा वर्षाची मुलगी यावर थांबणारच, कारण तिच्या घरीही खाली आई आहे.

तेच खालच्या वयोगटात बघायचं तर स्मॅश हिट्स हे पॉप संगीताचं मासिक, १९७८ ते २००६, गाण्यांचे शब्द छापायचं. वाचकाला रेडिओवर ऐकलेलं गाणं मैत्रिणींबरोबर म्हणायचं असायचं, म्हणून कुठल्या गाण्याचे शब्द कुठल्या पानावर हीच त्याची भूक. तुमच्या वाचकाची भूक काय आहे ते शोधा आणि त्या गोष्टीला पानावर जागा द्या.

विभागांची नावं पण बघा. "फीचर्स" आणि "रेग्युलर्स" हे सगळ्यांकडे असतं. क्यूकडे रेग्युलरच्या जागी "दर महिन्याला" अशा अर्थाचं असायचं आणि रिव्ह्यूची वेगळी चौकट, कारण रिव्ह्यू हेच त्यांचं मोठं दुकान होतं. तुम्ही स्वतःची नावं ठेवा पण वाचकाला कळतील अशी. फार चलाखी केली की लोकांना गिगची पानं सापडत नाहीत.

आणि कृपा करून सगळीकडे उद्गारचिन्हं नकोत. एका पानावर एक, फार तर दोन.

६. नजर आधी कुठे जाते ते ठरवा

पानावर एकच गोष्ट सगळ्यात मोठी हवी. माझ्या पहिल्या पानात सहा फोटो एकाच मापाचे होते, म्हणजे पासपोर्ट फोटोंची शीटच. मोठा फोटो कव्हर स्टोरीचा, दुकानातून कव्हर बघून अंक उचललाय त्याला तीच गोष्ट लगेच सापडली पाहिजे. कव्हरवर जी जी ओळ आहे ती ती कंटेंट्स पेजवर असलीच पाहिजे, एक एक टिकमार्क करा. कव्हरवर "२०२५ चे सर्वोत्तम १० छोटे क्लब" आणि आत त्याचा पत्ताच नाही, असं माझ्यासमोर तीनदा झालंय.

पेज नंबर फोटोवरच ठळक ठेवा. आकडे चढत्या क्रमाने लावायलाच हवेत असं काही नाही, महत्त्वाचं वर, रोजचं खाली. फॉन्ट दोन, फार तर तीन. रंग कव्हरमधलेच. कॉलम दोन ठेवायचे की तीन ते वाचकावरून, गर्दी आवडणाऱ्याला तीन-चार चालतात.

७. पान नंबरांचं गणित, इथे सगळे घसरतात

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून सावकाश वाचा. मासिकात कव्हर म्हणजे पान १. ते उजवीकडे असतं. त्यामुळे सगळी विषम पानं उजवीकडे आणि सम पानं डावीकडे. म्हणजे उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन पानं ३८-३९ असतात, ३९-४० कधीच नाही, कारण ३९ आणि ४० एकाच कागदाच्या दोन बाजू आहेत! तुमचा डबल पेज स्प्रेड विषम आकड्यापासून सुरू होतो असं कंटेंट्स पेजवर लिहिलंत, तर खरं मासिक हातात धरलेल्या माणसाला चूक लगेच दिसते.

पुढे, पिन मारलेल्या अंकाची एकूण पानं चारच्या पटीत येतात, कारण एक कागद दुमडला की चार पानं. म्हणून ४८, ६४, ६८ ठीक, ६६ नाही. शेवटचा लेख पान ७० वर आणि अंक ६४ पानांचा, असंही पाहिलंय.

कंटेंट्स पेज स्वतः बहुतेक पान ३ किंवा ५ वर, उजवीकडे, शेजारच्या डाव्या पानावर जाहिरात. म्हणून तुमच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात विषम आकडा आणि तो उजव्या कोपऱ्यात. कव्हर स्टोरी साधारण मध्यावर ठेवा, रिव्ह्यू मागे, गिग गाइड त्याच्याही मागे. वहीत ६४ चौकोन आखा आणि प्रत्येकात काय ते भरा, जाहिराती धरून. एक तास जातो, पण त्यानंतर पानावरचा एकही आकडा अंदाजाने टाकलेला राहत नाही.

८. "कंटेंट्स" हा शब्द किती मोठा हवा?

इथे एक गोष्ट सांगायचीच आहे. द फेस नावाचं लंडनचं मासिक १९८० मध्ये निघालं, संगीत आणि फॅशनचं. तिथे नेव्हिल ब्रॉडी डिझाइन करायचे. १९८४ च्या सुमारास त्यांनी कंटेंट्स पेजवरच्या "कंटेंट्स" या शब्दाची अक्षरं अंकागणिक थोडी थोडी मोडायला सुरुवात केली, दर महिन्याला आणखी थोडी, शेवटी अक्षरं ओळखूच येईनात, नुसते आकार उरले. आणि वाचकांना पान सापडायचं थांबलं नाही, कारण नियमित वाचकाला ते पान कुठे आहे आणि कसं दिसतं ते ठाऊक असतं, त्याला तो शब्द वाचायची गरजच नव्हती.

मी जेव्हा हे पहिल्यांदा लायब्ररीतल्या एका डिझाइनच्या पुस्तकात ओळीने लावलेलं पाहिलं तेव्हा बराच वेळ ते पान पुढे उलटलंच नाही. द फेसचा वाचक म्हणजे क्लबमध्ये जाणारा, कपड्यांवर विचार करणारा, नवीन गोष्ट सगळ्यात आधी आपल्याला कळली पाहिजे असं वाटणारा, त्याला हा खेळ कळायचा आणि कळला याचा आनंद असायचा. हाच प्रयोग स्मॅश हिट्समध्ये केला असता तर बारा वर्षाची पोरगी गोंधळली असती.

तुमचं मासिक नवीन आहे, पहिलाच अंक, वाचकाला अजून सवय नाही, म्हणून शब्द वाचता येऊ दे. पण पानाची वरची पाव जागा त्यालाच देऊ नका, ती जागा कव्हर स्टोरीची. मासिकाचं नाव छोटं, तारीख, अंक क्रमांक, आणि "या महिन्यात" असं काहीतरी, पुरतं तेवढं.

९. फोटो

बाहेर जाऊन काढा. नुसत्या पांढऱ्या भिंतीसमोर सहा जण उभे केले तर सहाही फोटो एकसारखे दिसतात. एक जवळून चेहरा, एक नुसते हात आणि वाद्य, एक गिगमधला अंधारातला, एक नुसती वस्तू, तुटलेली तार किंवा केबलचा गुंता. कंटेंट्स पेजचे फोटो कव्हरच्याच शूटमधले पण वेगळे हवेत, तोच फोटो परत वापरू नका. कॅमेऱ्याकडे थेट बघणारा चेहरा वाचकाला हाक मारल्यासारखा वाटतो, दुसरीकडे बघणारा "तू ये किंवा नको येऊ" म्हणतो. दोन्हींचे वाचक वेगळे.

रॉक म्हटलं की कवटी आणि काळा रंग, मुली म्हटलं की गुलाबी, हिप-हॉप म्हटलं की सोन्याच्या साखळ्या, हे टाळा. आणि आपल्या लोकांबद्दल मनापासून सांगते, तुमच्या मासिकात ब्राऊन पोरी बेस वाजवताना दिसू द्या. मी माझ्या पहिल्या पानावर एकही भारतीय चेहरा घेतला नव्हता, घरात तबला वाजवणारा भाऊ असताना. कुणी मनाई केली नव्हती, मला सुचलंच नाही.

प्रिंटसाठी ३०० डीपीआय, चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कागद कापताना जाणारा जादा भाग. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो वापरू नका, तो आधीच दाबून छोटा झालेला असतो, मूळ फाइल मागा.

१०. थिअरी जोडायची तर अशी

ब्लमलर आणि कॅट्झ यांचं १९७४ चं म्हणणं वर्गात येईल, की माणूस माध्यमाकडे स्वतःच्या गरजेसाठी जातो, माहिती, ओळख, गप्पांना विषय, करमणूक. ही चार नावं लिहून सोडून देऊ नका, पानावर बोट ठेवून लिहा. बँड इंडेक्स माहितीसाठी, एडिटरची सही आपलेपणासाठी, स्पर्धा आणि पोस्टर करमणुकीसाठी. स्टुअर्ट हॉल यांचंही येतं, बनवणारा एक अर्थ घालतो आणि वाचणारा तो तसाच घेईल असं नाही. याला पुरावा तुमच्याच टेस्टिंगमधून मिळतो, ते पुढे.

११. पान खऱ्या वाचकासमोर ठेवा

आईला आणि मित्राला दाखवून "छान आहे" ऐकण्यात अर्थ नाही. ज्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून पान बनवलं तसं कुणीतरी शोधा. खऱ्या मापात, ए-फोरवर, रंगीत प्रिंट काढा, स्क्रीनवर दाखवू नका. हातात द्या, दहा सेकंदांनी परत घ्या, आणि विचारा, काय आठवतंय? मग पुन्हा द्या आणि गप्प बसा. बोट कुठे जातं ते बघा. समजावून सांगायचा मोह होईल, सांगू नका. जिथे कपाळाला आठी पडते तिथे वहीत खूण करा.

मावसबहिणीने तिच्या शनिवारच्या दुकानातल्या एका मुलीला दिलं, गिटार शिकणारी, वय सतरा. तिने पहिल्यांदा गिगची चौकट पाहिली, अठराच्या आतल्यांची खूण बघून "अरे हे बरंय" म्हणाली. मोठ्या फोटोवरून नजर गेली, एका ओळीवर थोडी अडली, तो शब्द नंतर बदलला. मग बोट खाली येऊन ३८ वर थांबलं, ड्रममधली उशी. तिने पान उलटलं, मागे कोरं. म्हणाली, "३८ कुठेय? मला ते वाचायचंय."

आम्ही बनवलेला डबल पेज स्प्रेड कव्हर स्टोरीचा होता, ३२-३३ चा. पान ३८ वरचा लेख आम्ही लिहिलाच नव्हता. घरी येऊन पानाला आणखी काही हात लावला नाही, तो एक शब्द बदलला आणि पीडीएफ काढली.